चव्वेचाळीस पावलांची रेघ

कल्पना कर बाळा, एका शाळेच्या भिंतीला लागून एक वाळलेलं झाड आहे. उंच, आतून पोखरलेलं, वर्गांकडे किंचित झुकलेलं. ते आज पाडायचं आहे म्हणून शाळेला सुट्टी आहे. सुट्टी असूनही तू आलास-आलीस, कारण मशीनच्या करवतीनं झाड पाडताना कुणाला बघायचं नसतं? ये, पुढे ये. नीट दिसेल अशी जागा धर.

झाड पाडायला एक माणूस आला आहे. वीस वर्षं हा धंदा करतोय आणि हाताची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. या धंद्यात याहून मोठं प्रमाणपत्र नाही. त्याची नऊ वर्षांची मुलगी याच शाळेत शिकते. मोठ्यांच्या बोलण्यात कुठेही घुसते म्हणून घरी तिला पाचर म्हणतात.

त्या सकाळी पाचरनं आपल्या हाताएवढी काठी हात ताठ करून डोळ्यांसमोर उभी धरली आणि काठीआड अख्खं झाड मावेपर्यंत ती मागे मागे सरकली. तिथून झाडापर्यंत भरली बावीस पावलं, म्हणजे झाडाची उंचीही तेवढीच. झाड पडताना त्याच्या दुप्पट उंचीच्या आत कापणाऱ्याशिवाय कोणी नसावं, हे बाबांनी तिला शिकवलं होतं. म्हणून तिनं चव्वेचाळीस पावलांवर चुन्याची रेघ मारली आणि रेघेमागे पाण्याच्या कॅनवर जाऊन बसली.

बाबांनी हेल्मेट घातलं, तोंडावरची जाळी खाली ओढली, करवत जमिनीवर पायानं दाबून सुरू केली आणि मोकळ्या मैदानाच्या बाजूनं खोडात तिरपी खाच घेतली. आता मागून कापायचं, मध्ये चार बोटं लाकूड बिजागरीसारखं राखायचं आणि झाड कलू लागलं की मागच्या तिरप्या वाटेनं झपाझप निघून जायचं. अर्ध्या तासाचं काम.

इतक्यात सुरक्षा कार्यालयाची गाडी आली. मग दुसरी. मग खुर्च्यांची.

या कार्यालयाची थोडी माहिती तुला हवी. पूर्वी इथले अधिकारी आपल्या टेबलावर बसूनच ‘झाडाजवळ कोणी नाही’ असं लिहून देत. एकदा झाडाजवळ कोणीतरी होतं. चौकशी झाली आणि नियम निघाला, की यापुढे प्रत्येक सही जागेवर जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी, हाताच्या अंतरावरून पाहूनच करावी. नियम चांगला होता. दुर्दैवानं तो पाळला गेला.

हेल्मेटची सही करणारे हेल्मेटजवळ उभे राहिले. कानांच्या संरक्षणाची सही करणारे बाबांच्या कानाशी आले. प्रथमोपचाराचे अधिकारी पेटी घेऊन आले. किल्ली कार्यालयातच राहिली होती, पण सही पेटी असल्याची होती, उघडण्याची नव्हती. मागची वाट मोकळी असल्याची सही करणाऱ्या बाईंनी त्या वाटेच्या मधोमध खुर्ची मांडली, कारण तिथूनच वाट दोन्हीकडे दिसत होती. असे अकरा जण जमले. बारावे मोठे साहेब. ते ‘झाडाजवळ कोणीही नाही’ याची सही करायला खोडाला टेकून उभे राहिले.

“साहेब, सगळे मागे व्हा. त्या रेघेपलीकडे,” बाबा जाळी वर करून म्हणाले.

“आम्ही मागे गेलो तर इथे कोणी नाही हे बघणार कोण?”

“पण तुम्ही आहात ना इथे!”

“आम्ही इथे माणसं म्हणून नाही आहोत,” साहेबांनी समजूत घातली. “स्वाक्षरीकर्ते म्हणून आहोत.”

“झाडाला कसं कळणार?” रेघेमागून पाचर ओरडली.

“ही कोण? तुमची मुलगी? कामाच्या जागी मुलं आणता? लिहून घ्या!”

नोंदवहीत लिहिलं गेलं: अनधिकृत व्यक्ती, एक, अंतर, चव्वेचाळीस पावलं. त्या दिवसातली ती एकमेव त्रुटी.

वारा सुटला. खाचेपाशी लाकूड करकरलं. बाबांचा चेहरा उतरला.

“साहेब, खाच घेतलेलं झाड असं सोडता येत नाही. वाऱ्यानं फिरलं तर शाळेवर जाईल. मला आत्ता कापायला हवं, आणि कापल्यावर पळायला वाट हवी. निदान ती खुर्ची उचला हो.”

“वाट मोकळी आहे,” खुर्चीतल्या बाई दुखावून म्हणाल्या. “मी स्वतः बघतेय!”

“मग कापा की,” साहेब म्हणाले. “तुम्हाला अडवलंय कोणी?”

खोड पुन्हा करकरलं, या वेळी लांबलचक. बाराही जण स्टुलावरच्या नोंदवहीवर वाकले. ‘आवाज’ असा एक रकाना होता.

पाचरनं बाबांकडे पाहिलं. त्यांनी करवतीच्या चेनचा ब्रेक लावला होता आणि ते खुर्चीला वळसा घालून किती पावलांत बाहेर पडता येईल ते नजरेनं मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

तेव्हा बाबांनी शिकवलेला नियम तिनं आयुष्यात पहिल्यांदा मोडला. रेघ ओलांडून ती धावत आत शिरली, दोन साहेबांच्या कोपरांमधून हात घातला, नोंदवही ओढली आणि आली तशी उलटी पळत सुटली.

“अहो, सह्या! सह्या चालल्या!”

बाराही जण तिच्यामागे धावले. पेटी धावली. बाई खुर्चीसकट धावल्या. पाचरनं रेघ ओलांडली तरी ती थांबली नाही. शेवटचा बूट चुन्यापलीकडे पडला, तेव्हाच तिनं नोंदवही खाली ठेवली. सगळे तिच्याभोवती उकिडवे बसले आणि ‘झाडाजवळ कोणीही नाही’ या ओळीसमोर, कार्यालयाच्या इतिहासात प्रथमच, खरी सही झाली.

बाबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागची वाट पाहिली. जाळी खाली ओढली. पण ब्रेक काही काढला नाही.

पाचरनं वळून मोजलं. रेघेमागे बारा. झाडाजवळ बाबा. आणि रेघेच्या आत अजून एक जण, नीट दिसेल अशी जागा धरून, मघापासून गंमत बघत उभा.

तिनं तोंडाशी दोन्ही हात धरले आणि तुला हाक मारली, “ए! तुझी कसली सही राहिलीय?”