दुसरी लवकर पाठवा!

"तीस वर्षं मी शिट्टी फुंकली आणि पोरं पळाली. आता म्हातारपणी दुसऱ्याच्या शिट्टीवर बसमध्ये चढू? नाव नको!"

असं जाहीर करून ड्रिलमास्तर बेटावर निघाले. एकटे! मागच्या वर्षी ते टूर कंपनीबरोबर गेले होते, तेव्हा छत्री उंच धरून पुढे चालणाऱ्या कोवळ्या गाईडनं त्यांना भर बाजारात "आजोबा, रांगेत या" म्हटलं होतं. ज्या माणसानं शाळेच्या मैदानावर आठशे पोरांच्या रांगा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ केल्या, त्याला रांगेत या! ते मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं होतं. यंदा ते स्वतंत्र प्रवासी होते.

"तिथं फोन लागत नाही म्हणे," मास्तरीणबाई बॅग भरता भरता म्हणाल्या. "निदान दुसरी कवळी तरी घ्या."

"कशाला ओझं? आहे ती घट्ट आहे. काय पळून जाणार आहे?"

बेट मात्र झकास होतं! एका काकूंकडे मास्तरांनी खोली घेतली. पत्र्याचं छप्पर, लोखंडी खाट आणि खिडकी उघडली की थेट समुद्र. पहिले दोन दिवस मास्तर पोहले, शहाळी प्यायले आणि वाळूत कालवणात पडलेल्या बटाट्यासारखे लोळले. कुणी "चला" म्हणणारं नाही की कुणी "थांबा" म्हणणारं नाही!

तिसऱ्या दिवशी सकाळी ते फिरत फिरत धक्क्याच्या टोकाला गेले. समोर अथांग समुद्र, आजूबाजूला चिटपाखरू नाही. मास्तरांना इतकं भरून आलं, की त्यांनी छाती फुगवली आणि समुद्रालाच हुकूम सोडला, "साऽऽव-धान!"

'धान'बरोबर कवळी सुटली. वरची आणि खालची, दोन्ही! हवेत एक गिरकी घेऊन पाण्यात पडली, क्षणभर मास्तरांकडे बघून हसली आणि बुडाली.

मास्तर पोहत होते, पण बुडी मारणं त्यांना कधी जमलं नव्हतं. पुढची बोट चार दिवसांनी. आणि ही गोष्ट बेटावर कुणाला कळणं म्हणजे तर अब्रूचं खोबरंच! त्यांनी तोंडाभोवती टॉवेल गुंडाळला आणि सरळ खोली गाठली. काकूंनी भाकरी पुढे ठेवली. मास्तरांनी हातानंच 'नको' म्हटलं. काकूंनी भाजलेला मासा ठेवला. मास्तरांनी डोळे मिटून 'नको' म्हटलं. काकू म्हणाल्या, "मौन आणि उपास, दोन्ही एकदम? फार मोठे साधुपुरुष दिसताय हो तुम्ही!"

अकराच्या सुमाराला भुकेनं मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तेव्हा ते धक्क्यावरच्या वायरलेसच्या खोलीत शिरले. वायरलेसवाल्यानं निरोप लिहून मागितला. पण लिहायचं म्हणजे त्याला कळणार! मास्तरांनी त्याला खुणेनं बाहेर काढलं, दार लावलं, टॉवेल सोडला आणि बटण दाबलं.

"हॅलो! माझी कवळी बुडाली! दुसरी लवकर पाठवा!"

म्हणजे आपण असं म्हणालो, असं मास्तरांना वाटलं. पलीकडच्या बंदरावर तिकीट क्लार्कला खरखरीतून ऐकू आलं ते असं : "माही ओवडी बुआही! दुही ववकर पाहवा!"

"काय? होडी बुडाली?" क्लार्क ओरडला.

मास्तरांना नुसतं "बुडाली" एवढंच ऐकू आलं. "हो, हो!" ते म्हणाले.

"किती होते?"

काय चौकस माणूस आहे, असं मास्तरांना वाटलं. पण उत्तर देणं भाग होतं. "बत्तीस!"

"बापरे! एकही राहिला नाही?"

"एकही नाही! वरचे, खालचे, सगळे गेले!"

"दोन मजली होडी होती?" क्लार्क बटण सोडून पुटपुटला आणि मग ओरडला, "अहो, पण झालं कसं?"

"मी नुसतं 'सावधान' म्हटलं आणि सगळे एकदम पाण्यात!"

"तुम्ही सावध केलंत, तुमचं काय चुकलं? धीर सोडू नका! आत्ता पाठवतो!"

मास्तरांनी घरचा फोन नंबर एकेक आकडा तीन तीनदा सांगितला आणि समाधानानं बाहेर आले. साध्या कवळीसाठी किती कळवळला बिचारा! माणुसकी अजून शिल्लक आहे!

दुपारी दोनला भोंगे वाजवत दोन मोठ्या बोटी धक्क्याला लागल्या. त्यांतून सहा पाणबुडे उतरले, स्ट्रेचर उतरली, एक डॉक्टर उतरला, करड्या मिशांचा एक अधिकारी उतरला. त्यांच्या मागून खांद्यावर दोरखंडाचं भेंडोळं घेतलेला मास्तरांचा हार्डवेअरवाला मेहुणा आणि सगळ्यांत शेवटी, एकावर एक दोन लाइफ जॅकेटं घातलेल्या मास्तरीणबाई! पाण्याच्या भीतीनं भरल्या पिंपात वाकतानाही ज्या दाराची कडी धरायच्या, त्या बाई समुद्रातून आल्या होत्या!

"अहो, वाचलात हो!" म्हणून त्यांनी भर धक्क्यावर मास्तरांना मिठी मारली. जॅकेटांमुळे ती मिठी गादीनं मारल्यासारखी लागली. मास्तरांनी भुवया उंचावून मेहुण्याला 'काय झालं?' असं विचारलं.

"भाऊजींना धक्का बसलाय, वाचा गेलीय," मेहुणा डॉक्टरला म्हणाला. मग मास्तरांच्या कानाशी ओरडला, "होडी बुडाली ना! बत्तीस माणसं गेली!"

मास्तरांच्या अंगावर काटा आला. बत्तीस माणसं! आणि आपण इथं दातांचं दुःख करत बसलो होतो! टॉवेल घट्ट करून त्यांनी पाच मिनिटांत सगळं बेट किनाऱ्यावर दोन रांगांत उभं केलं. नुसत्या हातवाऱ्यांनी!

"पण आमच्या होड्या तर सगळ्या इथंच आहेत," एक कोळी म्हणाला.

"म्हणजे बाहेरची होती," अधिकारी म्हणाला. "निरोप स्पष्ट आहे." त्यानं खिशातून कागद काढून मोठ्यानं वाचला, "होडी बुडाली, दुसरी लवकर पाठवा. बत्तीस होते. वरचे, खालचे, सगळे गेले."

मास्तरांचा वर गेलेला हात वरच राहिला. होडी... कवळी... होडी! त्यांच्या पोटात जो गोळा आला, तो दिवसभरात पोटात गेलेला पहिलाच ऐवज होता.

एवढ्यात धक्क्याच्या टोकाशी एक पाणबुडा वर आला. "सापडलं!"

सगळे धक्क्याच्या टोकाकडे धावले. त्याच्या ओंजळीत दातांच्या दोन कवळ्या होत्या.

"अरेरे! एवढंच उरलं बिचाऱ्याचं!" काकूंनी पदर डोळ्यांना लावला. अधिकाऱ्यानं टोपी काढली. मास्तरीणबाई मात्र पुढे झाल्या, त्यांनी वाळू झटकली आणि एक दाढ निरखून पाहिली.

"ही तर आमच्या ह्यांची!"

धक्क्यावरच्या सगळ्या माना एकदम मास्तरांच्या टॉवेलकडे वळल्या. बाईंनी टॉवेल ओढला, कवळी डॉक्टरच्या बाटलीतल्या पाण्यानं विसळली आणि मास्तरांच्या हातात ठेवली. "घाला. आणि सांगा."

मास्तरांनी घातली आणि सांगितलं. पूर्ण सांगून होईपर्यंत वायरलेसवाला पोट धरून खाली बसला होता, पाणबुडे एकमेकांच्या गळ्यात पडले होते आणि अधिकाऱ्याच्या मिशा मात्र थरथरत होत्या. हसण्यानं नव्हे! "तुम्हाला आत्ताच्या आत्ता आमच्याबरोबर यावं लागेल," तो म्हणाला. "साहेबांसमोर जबाब द्यायला."

मास्तरांनी मान खाली घातली. मग हळूच बाईंना म्हणाले, "तू कशाला आलीस गं? केवढी घाबरली असशील."

"घाबरले ना! सगळा रस्ता डोळे गच्च मिटून आले. समुद्र कसा असतो, ते अजून धड बघितलेलंच नाही मी."

मग त्या वळल्या आणि त्यांनी समुद्र बघितला. बराच वेळ बघितला. माडांकडे बघितलं, काकूंच्या खोलीच्या खिडकीकडे बघितलं. आधी वरचं लाइफ जॅकेट काढलं, मग खालचं, आणि वरचं मास्तरांच्या गळ्यात अडकवलं.

"तुम्ही या जाऊन ह्यांच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "मी राहते चार दिवस."

"चार दिवस? एकटी?"

"बोट सुटतेय. आणि हे बघा, घरी पोचलात की वायरलेसवर बोलू नका काही. चिठ्ठी पाठवा."