सुखदेवची फूटपट्टी

आमच्या नंदनवन वस्तीतला सुखदेव बोलताना पापणी हलवत नाही. डोळ्यांतून पाणी येते, तरी नाही. नवा माणूस घाबरते. त्याले वाटते, आता हा मारते.

कोराडीची बस त्याने तीस वर्षं चालवली. पुढे कोळशाचे ट्रक, बाजूले सायकली, पण एक माणूस ठोकला नाही. त्याचं एकच म्हणणं, "पापणी पडली का रस्ता गायब!" रिटायर झाला, बस सुटली, पापणीची सवय नाही सुटली. आता काखेत लाकडी फूटपट्टी घेऊन फिरते. भेटला का तुमच्या उघड्या बोटांच्या मधात पट्टी लटकवते, "पकड गा!" म्हणते अन् सोडते. कितव्या इंचावर पकडली, तो तुमचा नंबर. नंबर जेवढा मोठा, माणूस तेवढा सुस्त. बदमाश पट्टीकडे पाहत नाही, तुमच्या डोळ्याकडे पाहते. पापणी पडली का नेमकी तेव्हाच सोडते.

एकदा गल्लीत पोरगी पाहायले नवरदेव आला. मोटारसायकलवरून उतरते न उतरते, तर पट्टी समोर. पकडली बिचाऱ्याने, पण अकराव्या इंचाले. सुखदेव पोरीच्या बापाले म्हणाला, "पोरगा चांगला हाय. गाडी मात्र पोरीले चालवू द्या." लग्न झालं. गाडी पोरगीच चालवते.

मी म्हातारा, तरी आठव्यावर पकडत होतो. बायको गेली अन् पट्टी हातातच येईना. सुखदेव रोज सकाळी यायचा, माझ्या हातचा पाणचट चहा प्यायचा, पट्टी सोडायचा. खट्ट! फरशीवर.

एक दिवस म्हणाला, "काहून गा किसनभाऊ? हात तं बरे हायेत तुहे. ध्यान कुठी हाय?"

सांगून टाकलं. दवाखान्यात दोन दिवस तिच्या तोंडावरून नजर काढली नव्हती. औषधाची वेळ झाली काय, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नजर परत आणली, तर ती गेली होती. "दोन दिवस पाहत बसलो," मी म्हणालो, "अन् नेमका तेव्हाच चुकलो."

सुखदेवने खुंटीवरचा माझा दाढीचा आरसा काढून हाती दिला.

"डाव्या डोळ्यात पाह्य. आता उजव्यात. बुबुळ हललेलं दिसलं?"

"नाही."

"मले दिसलं. फिरून पाह्य."

दहा वेळा पाहिलं. माझंच बुबुळ, मले एकदाही हलताना दिसलं नाही.

"डोळा फिरते ना, तेवढा वेळ तो आंधळाच असते. पापणी पडते तेव्हाही. साऱ्यायचा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "माहाही. गाडीच्या आरशात पाहो, फिरून रस्त्याकडे पाहो. मधातलं मले कुठी दिसे? तीस वर्षं नशिबानं निभलं. तुही चूक नाही गा. अन् हे गल्लीत सांगू नको."

मग पट्टी धरली. "पकड."

पकडली. नऊ.

यावेळी तो माझ्या पापणीसाठी थांबलाच नव्हता. त्याच्याच पापण्या पटपट पडून राहिल्या होत्या.

मले दिसलं. उठलो, अन् दुसरा चहा टाकला.