शँपेनचे बुडबुडे आणि खाजाभाईंची कोठडी

दारूबंदी लागू झाली आणि आमच्या नगरात पिणं थांबून चौकशा सुरू झाल्या. छावणीजवळच्या क्लबात एक म्हातारा गोरा साहेब उरला होता. त्याच्याकडे शँपेनचा परवाना होता आणि फळाच्या गोड दारूचाही. दोन्ही बाटल्या अगदी कायदेशीर. खानसामा खाजाभाईंनी उंच पेल्यात चमचाभर जांभळी गोड दारू घातली, पेला तिरका धरून वरून गार शँपेन ओतली, आणि तिथंच घात झाला.

दारात दारूबंदीचे फौजदार सूर्यभान उभे होते.

"दोन मद्यांपासून तिसरं मद्य तयार केलंत. हे उत्पादन झालं. उत्पादनाचा परवाना कुठाय?"

"अवो, मी निस्तं वतलं!" खाजाभाई म्हणाले. "सायबानं आधी हे पिलं आन् मग ते पिलं, तर?"

"तर उत्पादन पोटात होईल. म्हणजे विनापरवाना जागेत."

साहेबानं घाबरून लिंबू सरबत मागवलं. पेला जप्त झाला. पंचनाम्यात नोंद झाली: रंग गुलाबी, बुडबुडे भरपूर. खाजाभाई कोठडीत गेले. शुक्रवारी त्यांच्या मुलीचा, मेहताबचा निकाह होता. "गुरुवारी सुनावणी आहे की, कशाला काळजी करता?" सूर्यभान मायेनं म्हणाले.

गुरुवारी पेला कोर्टापुढं आला. बुडबुडा औषधालासुद्धा नाही!

"मुद्देमालातले बुडबुडे गेले कुठं?" मॅजिस्ट्रेट कडाडले.

"उडून जात्यात सरकार. ऱ्हातच न्हाईत," खाजाभाई म्हणाले.

झालं! मुद्देमाल फरार होणार हे आरोपीला आधीच ठाऊक होतं, असा त्याचा अर्थ निघाला. हुकूम सुटला. एक प्रतिष्ठित नागरिक जामीन राहिला, तरच आरोपीला सोडावं. शिवाय तेच मद्य पुन्हा बनवून निर्व्यसनी नागरिकांनी चव घ्यावी आणि बुडबुड्यांबद्दल मत द्यावं. मानधन नाही.

बनवणार कोण? पहाऱ्यातले खाजाभाईच. सरकारी हुकमानं ओतलं की ते उत्पादन नसतं, पुरावा असतो. एकाचं मत होईपर्यंत पुढच्याचे बुडबुडे विरायचे, म्हणून नवी बाटली फोडावी लागे. जप्तीच्या मालाला तोटा नव्हता.

बाप रे, नगरात एवढे निर्व्यसनी लोक आहेत हे मला त्या दिवशी कळलं! दारूबंदीच्या सभेत घसा फोडणारे कानिफनाथराव रांगेत सर्वांत पुढं. मत पक्कं होईना म्हणून ते पुन्हा मागं येऊन उभे राहिले. काय ती कर्तव्यनिष्ठा!

शुक्रवारी दुपारी खाजाभाईंची बायको मुबारकबी रांगेपाशी आली. "भाऊ, निकाहची येळ झाली. पोरगी बापासाठी रडतीया. कुनीतरी जामीन ऱ्हावा ना. निस्ती सही करायची हाय."

मी जामिनाच्या कचेरीकडे पाहिलं हो. समोरच होती. पण माझ्यापुढं दोनच माणसं उरली होती, आणि जागा सोडली की गेलीच. म्हटलं, मागच्यांपैकी कुणीतरी भला माणूस जाईल. म्हणून वळून पाहिलं, तर माझ्या मागं तुम्हीच होतात. आणि तुम्ही आपल्या चपलांकडे बघत होतात.