पुलावरची पांढरी बाई

एकेका पोराला शाळेत सोडायला एकेक आख्खी मोटार येते, हे पाहून आमच्या मुख्याध्यापिका करंदीकर बाईंनी स्टाफ मीटिंगमध्ये विचारलं, "सोमवारपासून सायकलवर कोण येणार?" सगळे पंख्याकडे बघायला लागले. मी शाळेतला साधा क्लार्क. म्हणालो, "मी येतो की." (हेडक्लार्कची जागा रिकामी होती आणि शिफारस बाईंच्या हातात.)

"अहो, तुम्ही कोपऱ्यावरून दूध आणायलाही स्कूटर काढता," आमची ही म्हणाली.

मुलगा आमोद आयटीत लागल्यापासून कंपनीची कॅब त्याला दारातून उचलते. त्यामुळे त्याची सायकल गॅलरीत पडूनच होती. सोमवारी माकडटोपी चढवून मी विश्रांतवाडीतून निघालो. सकाळची शाळा, त्यात डिसेंबरचं धुकं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

होळकर पुलाच्या अलीकडे मागून चेनची बारीक करकर ऐकू आली. मी थांबलो. करकर थांबली. मी निघालो, तीही निघाली. मग वळून बघण्याचा मूर्खपणा केला. दिव्याखाली एक पांढरी बाई सायकलवरून एक पाय टेकून उभी होती. तिला तोंड नव्हतं.

(पुण्यात तोंड गुंडाळलेल्या बायका रस्तोरस्ती दिसतात, हे मलाही कळतं. पण त्या स्कूटरवर असतात आणि हॉर्न वाजवतात. ही गप्प होती.)

पूल संपेना. नदीवरून धुकं वर येत होतं आणि करकर जवळ. मी खरोखर घाबरलो. देवाचं नाव घ्यायला गेलो, तर तोंडातून सातवी 'ब'ची हजेरी बाहेर पडू लागली.

शाळेत शिरलो तो ओरडतच, "दशरथ, गेट लाव! हडळ आहे!" दशरथ शिपायाने गेट लावलं. तेवढ्यात बेल झाली. ती बाई गजांपाशी येऊन थांबली आणि सावकाश तोंडावरचं फडकं सोडू लागली. मी डोळे मिटले.

"श्यामसुंदरराव, गेट उघडा."

फडक्याआतून करंदीकर बाई निघाल्या.

"साहेब, बेल झालीय," दशरथ माझ्या कानात म्हणाला. "बाईंना लेट मार्क लावू?"

"बाई, तुम्ही हाक का नाही मारलीत?" मी कसंबसं विचारलं.

"तुम्ही वाटेत रिक्षा करताय का, ते बघत होते."

दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. "शिफारस तुमचीच करणार होते. पण पुलावरचा तुमचा वेग पाहिला. असा माणूस खुर्चीत बसवून वाया घालवायचा नाही. बँक, पोस्ट, झेडपी, बाहेरची सगळी कामं उद्यापासून तुमच्याकडे. सायकलवर."

हेडक्लार्कची खुर्ची आमच्या टायपिस्ट नंदाबाईंना मिळाली. त्यांना सायकल येत नाही.