रावणाचं दंतमंजन

रावणाची दहा तोंडं. उल्हासनगरच्या कॅम्पातली एक पत्र्याची शेड. गुलाबी पूड. बदलापुरात मारुतीच्या देवळामागचं पटांगण. आनंदाची मिशी, त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा वर वळलेली.

ही मोट बांधली वासुमलशेठनं. त्याच्या शेडमध्ये ‘शुभ्रमोती’ दंतमंजन तयार व्हायचं. आनंदा बाहुल्यांचा खेळ करायचा. पण सिनेमाचा तंबू यायला लागल्यापासून त्याची पेटी बंदच होती.

“पोरं खेळ बघणार, घरी मंजन मागणार,” शेठ म्हणाला. “जमलं तर सालभराच्या जत्रा तुझ्या. नाय तर कल्याणचा जादूगार तयार आहे.”

“पत्तासुद्धा लागणार नाही पोरांना,” आनंदानं घरी छाती ठोकली. “दुधात साखर विरघळवावी, तसं मंजन रामायणात विरघळवतो.”

“साखर कळते की जिभेला,” टाळ पुसत बकुळा म्हणाली. बायकोच ती.

पटांगण भरलं. मागे खुर्चीवर शेठ. पुढे पोरं, आणि पोरांत आनंदाची आठ वर्षांची आवडी. रावणानं दहाही तोंडं हलवली. “शुभ्रमोती आणा रे! दहा तोंडं घासायची, साधी पूड काय कामाची?”

“दुकान आलं,” आवडी म्हणाली. अगदी शांतपणे, पाहुणे आले म्हणावं तशी.

पोरं खिदळली. दर रामनवमीला हीच पोरं शेपट्या लावून रामायण करायची. कोण कधी येतो, काय बोलतो, सगळं पाठ. त्यात मंजन म्हणजे भातातला खडा!

आनंदानं खडा आणखी खोल पुरला. हनुमान पर्वत घेऊन आला. “या पर्वतावर एक अशी मुळी आहे, की दात...”

“दुकान,” अख्खी पुढची रांग.

मग त्यानं नावच गाळलं. त्रिजटा सीतेला नुसतं म्हणाली, “बाई, हसतेस किती छान.”

“दुकान, दुकान.”

पडद्यामागे बकुळाच्या हातून टाळ निसटला. हसून हसून तिला धरवेना. आनंदानं मंजनाचा नाद सोडला आणि निव्वळ रामायण पहिल्यापासून धरलं. पण पोरं कसली सोडतात! रामानं धनुष्य उचललं, तर “कुठल्या दुकानातलं?” जटायू पडला. रामनवमीच्या खेळात इथे पोरं मुसमुसायची. यंदा कुणीतरी विचारलं, “याला मलम कुठलं लावणार?”

खेळ संपला. आनंदा घाम पुसत बाहेर आला. समोर शेठ.

“पहिली बोलली ती छोकरी कुणाची?”

ठाऊक नाही म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण आनंदाची छाती तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगली होती. “माझी,” तो म्हणाला. “पडद्यामागे वाढलीये. तिला कोण फसवणार?”

घराकडे निघालेली पोरं रावणाच्या आवाजात ओरडत होती, “शुभ्रमोती आणा रे!” गल्लीगल्लीतून तेच ऐकू येत होतं. शेठ कान देऊन ऐकत राहिला.

“जत्रा तुझ्या,” शेवटी तो म्हणाला. “पण छोकरी पाहिजे. मंजनाच्या गाडीवर डबी घेऊन उभी राहील. बोलायचं नाय हां. नुसतं लोकांकडे बघून हसायचं.”

“हसेल की,” आनंदा म्हणाला आणि मिशी पुन्हा वर वळवली.

आवडीचे पुढचे चारही दात गेल्या आठवड्यात पडले होते.