आहेरनानांची तपासणी

आमच्या खालच्या मजल्यावरचे आहेरनाना रोज सकाळी आठला दवाखान्यासमोर उभ्या असलेल्या रुग्णवाहिकांकडं जातात आणि ड्रायव्हरला म्हणतात, "चावी दाखव." गाडीची नव्हे, ऑक्सिजनच्या सिलिंडरची. चावी दाखवली की म्हणतात, "आता उघडून दाखव." त्यांना कोणी नेमलेलं नाही.

"नाना, घरी काही काम नाही का?" एका ड्रायव्हरनं विचारलं.

"आहे. पण तुझी चावी बघितल्याशिवाय ते होत नाही."

नानांचा जन्म अग्निशमन दलात गेला. तिथं आग नसली तरी रोज सकाळी पाइप उलगडायचे, टाकीतलं पाणी बघायचं, शिडी लावायची. "बंब दिवसभर नुसता उभा असतो, त्याला कोणी रिकामटेकडा म्हणतं का?" ते विचारतात. "आणि दवाखान्यात एक खाट रिकामी दिसली की तिथल्या साहेबांच्या पोटात दुखतं. मग तातडीचा माणूस आला की ठेवायचा कुठं, जिन्यात?"

इमारतीतही त्यांचा सराव चालतो. महिन्यातून एकदा पेशंटला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं. पेशंट मी. का, तर सगळ्यांत जड मीच. परवा शेजारच्या जावयानं खुर्ची भिंतीला घासली, तशी मी त्याला बोलले.

"आक्का, गप्प बसा. तुम्ही बेशुद्ध आहात," नाना ओरडले.

"बेशुद्ध असले तरी कोपर माझंच सोलपटलंय."

"लिहून घ्या रे," नाना म्हणाले, "वळणावर कोपर आत."

सगळे हसले, मीही हसले. पण हे खूळ कुठून आलं ते मला माहीत आहे. त्या दिवशी मी गाडीत होते.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोच्या, सुमनच्या, छातीत भरदुपारी कळ आली. रुग्णवाहिका आली. नाना सवयीनं पुढं ड्रायव्हरशेजारी चढले. बंबावर त्यांची जागा तीच. भोंगा वाजवायचा, हात बाहेर काढून गाड्या बाजूला करायच्या. मागं सुमनजवळ मी आणि एक मदतनीस. सिलिंडर भरलेला होता, उघडायची चावी सापडेना. मदतनीस सीटखाली शोधत राहिला. मधला पत्रा मी बडवला, पण भोंग्यात कोणाला ऐकू जाणार? द्वारका चौकातल्या भर गर्दीतून नानांनी अशी वाट काढली की गाडी एकदाही थांबली नाही. दवाखान्याच्या दारात त्यांनी स्वतः मागचं दार उघडलं, तेव्हा सुमन गेलेली होती.

त्यानंतर तिच्याबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. मला उगीच गोड बोलता येत नाही.

परवा सराव संपला, बाकीचे पांगले, आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. नाना म्हणाले, "आक्का, गाडीत ती मला विचारत होती का?"

खोटं सांगावं असं एकदा वाटलं.

"विचारत होती. दोनदा."

"मग?"

"मी म्हटलं, ते पुढं बसलेत, रस्ता मोकळा करतायत."

"मग?"

"मग म्हणाली, असू दे, करू दे त्यांना."

नानांनी माझ्या सोलपटलेल्या कोपराकडं बघितलं. मग म्हणाले, "मागं बसायला पाहिजे होतं मी."

"हो," मी म्हणाले. आणि तिथंच त्यांच्याजवळ बसून राहिले.