करवतीचा जीव

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो. आमच्या शहापूरच्या वखारीतल्या करवतीचा जीव गोमामिस्त्रींच्या कोटाच्या आतल्या खिशात असे. म्हणजे विजेचा फ्यूज. संध्याकाळी काम संपलं की मिस्त्री भिंतीवरच्या पेटीतून तो उपसायचे, रुमालात बांधायचे आणि खिशात घालायचे. शनिवारी तो त्यांच्याबरोबर एस.टी.नं मुरबाडला घरी जायचा आणि सोमवारी परत यायचा.

मी तिथे कारकून होतो. शाळा शिकलेला असल्यामुळे मला या प्रकाराचं फार हसू यायचं. एकदा विचारलं, "मिस्त्री, बटण बंद केलं की झालं ना?"

"बटण कुनी बी दाबील," ते म्हणाले. "खिशात हात घालायला माझ्या जवळ यायला लागल."

आधी आमच्याकडे ऑइल इंजिन होतं. ते चालू करायला दोन माणसं हँडलला लटकायची, मग ते खोकायचं, धूर ओकायचं, आणि तेवढ्या वेळात सारी वखार सावध व्हायची. शहापुरात वीज आली आणि शेठनी मोटर आणली. बोट लावलं की करवत गरगरा सुटायची. शेठ खूश, मिस्त्री मात्र नाखूश. "इंजिन खाकरून घरात शिरायचा. ही चोरावानी येती," हे मोटरीबद्दल त्यांचं कायमचं मत.

आपल्या हाताखाली कुणाचं बोटसुद्धा जाता कामा नये, एवढा एकच ध्यास या माणसाला होता. त्यापायी त्यांनी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. सैल बाह्या चालायच्या नाहीत. गळ्यात मफलर चालायचा नाही. खुद्द शेठ धोतराचा सोगा सोडून आत आले, तर मिस्त्रींनी करवत थांबवली आणि हात जोडून उभे राहिले. शेठनी सोगा कमरेला खोचला तेव्हाच ओंडका पुढे सरकला.

तुका म्हणून डोळखांबकडचा एक गडी होता. लग्न होऊन दुसऱ्याच दिवशी कामावर आला. मनगटाला हळकुंड बांधलेलं, दोरा लोंबतोय. मिस्त्री म्हणाले, "हा दोरा पट्ट्यात गेला तर हात बी जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुकाची आई दारात. "सोडायचा दिवस हाय त्याचा. त्याच्या आदीच कसा सोडायचा? तुमाला काय देवाधर्माचा हाय का नाय?"

"सोडू नको गो," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "देवाचा देवाला. पन तवर पोरगा माझ्या करवतीला शिवायचा नाय."

तुका चार दिवस मागच्या अंगणात फळ्या रचत बसला. हळकुंड सोडायच्या दिवशी मिस्त्री रजा काढून डोळखांबला गेले, बायकांच्या घोळक्यात उभे राहिले आणि दोऱ्याचा तुकडा कुठे अडकून राहिला नाही ना, हे नवऱ्यामुलाचं मनगट फिरवून बघून आले. वखारीत ही गोष्ट वर्षभर पुरली. सांगणाऱ्यांत मी पुढे होतो.

मग एका सोमवारी मिस्त्री आलेच नाहीत. मंगळवारीही नाहीत. एका शाळेच्या छपराचे वासे कापायचे होते आणि करवत मुकाट बसलेली. शेठ भडकले. "तो फ्यूज तरी घेऊन या, नाहीतर मिस्त्रींना सांगा, दुसरी वखार बघा."

मी मुरबाड गाठलं. विचारत विचारत घर सापडलं. एकच खोली. मिस्त्री पाठमोरे बसून भाकरी थापत होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी दारातून हाक मारली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा तर शेजारची बाई बाहेर आली, पण मिस्त्री वळले नाहीत. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा दचकले.

माझ्या तोंडाकडे बघून त्यांना सारं समजलं असावं. पिठाचे हात पुसत म्हणाले, "बसा भाऊ. शुक्रवारी तुका वरडला, थांबवा म्हनून. त्याची पैरण पट्ट्यात गेलेली. मला नाय ऐकू आला. मी लाकूड ढकलीतच व्हतो. त्यानंच टराटरा फाडून सोडवून घेतली, म्हनून वाचला."

मग म्हणाले, "सगळ्यांना जपलं, आन् खरा धोका मीच. म्हनून करवतीचा जीव हितंच ठिवला. शेठना अर्ज लिवा, मिस्त्रीला करवतीवरनं काढा. तुकाला बसवा. तो आता घाबरलाय, नीट करील."

मी लिहिलं. माझ्याच पेनची शाई त्यांच्या अंगठ्याला लावली आणि त्यांनी तो कागदावर जपून टेकवला.

मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "शेठ दुसरं काही काम देतील. फळ्या मोजायचं, फाटकावर बसायचं. याल ना?"

त्यांनी मान हलवली. "फाटकावर नको. तिथं मानसा बोलत्यात." तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली. "करवत चालू असली का कुनालाच कुनाचा ऐकू येत नाय, भाऊ. तिथं मी तुमच्यासारखाच व्हतो."

मला एकदम रडू आलं आणि लाजही वाटली. एवढी वर्षं या माणसाच्या गोष्टी मी सांगत फिरलो होतो, त्याचं स्वतःचं मात्र एकदाही काही विचारलं नव्हतं. मिस्त्रींनी रुमाल सोडून फ्यूज माझ्या हातात ठेवला आणि ताटात भाकरी वाढली.

बाहेर शहापूरची एस.टी. हॉर्न वाजवत होती. तो फक्त मलाच ऐकू आला. मी उठलो नाही. आम्ही दोघं जेवलो.